एकसष्ट नंबरच्या पेटीतलं शून्य

स्पिलर्स आर्म
शनिवार, ४ नोव्हेंबर १९९५

गार्लंड,

कालच्या बोटीनं तुझं पाकीट आलं. पाच महिन्यांनी भावाचं अक्षर दिसलं म्हणून मी हात धुवायलाही थांबले नाही, पिठाच्या हातांनीच फाडलं. आत पत्र नाहीच. निकालाच्या सरकारी पुस्तकातून कापलेलं एक पान, त्यावर लाल शाईचा गोल, आणि मागे दोन शब्द: ‘म्हाताऱ्यानंसुद्धा नाही?’

मी पान घेऊन खाली बसले. मला वाटलं होतं, रेडिओवर साऱ्या मतदारसंघाचा आकडा सांगतात तेवढाच बाहेर जातो. गावागावातल्या पेटीचं पान छापून ते कुणाच्याही हातात देतात हे मला काय ठाऊक? बाबांनी काम सोडल्यावर ही मतपेटी माझ्याकडे येऊन दुसरीच निवडणूक. आमच्या गावाचा आकडा शाळेच्या त्या खोलीतच राहील, गार्लंडला कधी कळणार नाही, अशा भ्रमात मी सगळा उन्हाळा काढला. आणि आता तो शाईनं छापलेला माझ्या मांडीवर. पेटी क्रमांक ६१, स्पिलर्स आर्म. हॅलेट एकोणीस. मिसेस प्युडिस्टर सहा. डर्नफोर्ड, म्हणजे तू, शून्य.

तुला धक्का बसला असेल, नाही म्हणत नाही मी. पण तू आम्हाला दिलेला धक्का आठव. मे महिन्यातला तो रविवार. तू रेडिओवर बोलणार म्हणून बाबांनी जेवणाचं टेबल रेडिओजवळ सरकवायला लावलं. मी खारं मांस आणि कोबी वाढत होते. आणि तू काय बोललास? ‘ज्या गावांना रस्ता नाही तिथल्या लोकांना चांगल्या जागी हलवायला हवं. मी स्वतः अशाच गावातला आहे, तिथे आता काही उरलेलं नाही.’ बाबांनी काटा खाली ठेवला, उठले, रेडिओ बंद केला आणि परत येऊन ताटातलं सगळं संपवलं. त्यानंतर आजतागायत त्यांच्या तोंडून तुझं नाव मी ऐकलेलं नाही.

गावानं मात्र तुझं नाव पुरतं गाजवलं. लेव्ही काका दुकानात उभे राहून म्हणत होते, “अझचा पोरगा म्हणे सगळ्यांना उचलून नेणार. त्याला सांगा, आधी माझ्या सासूला उचलून दाखव.” हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली. मी हातातलं दूध तसंच ठेवून घरी आले.

आता तुझ्या त्या दोन शब्दांचं. पेटीसमोर बसण्याआधी मी शपथ घेतली आहे की कुणी कुणाला मत दिलं हे मी कुणालाही सांगणार नाही. त्या शपथेचा अर्थ मला कुणी शिकवला? तू ज्याला म्हातारा म्हणतोस त्यानंच. बत्तीस वर्षं त्यांनी ती पेटी सांभाळली, आणि आई मरेपर्यंत तिला कधी विचारलं नाही की तू कुणाला मत दिलंस. तेव्हा मला विचारू नकोस.

माझ्यापुरतं सांगते. मी तुलाच मत दिलं. मला त्या दिवशी कामावर बसायचं होतं म्हणून मी अशा लोकांसाठी काही दिवस आधी ठेवतात त्या आगाऊ मतदानाला पोर्ट एलनला जाऊन आले. ते मत तिकडच्या पेटीत मोजलं गेलं, म्हणून या पानावर दिसत नाही. झालं समाधान?

फोनवर माझा आवाज ऐकला की ठेवून देतोस, म्हणून लिहितेय. नाताळला ये. दलदलीतल्या बेकअ‍ॅपल फळांचा मुरंबा या वर्षी चांगला झालाय, तुझी बाटली बाजूला काढून ठेवली आहे.

तुझी बहीण,
व्हर्ना

•

स्पिलर्स आर्म
मंगळवार, १४ नोव्हेंबर १९९५

गार्लंड,

निवडणूक हरलास तरी तुझी वकिली काही सुटत नाही. आगाऊ मतदानाला कोण कोण आलं त्याची यादी उमेदवाराला मिळते, हे मी विसरलेच. तू ती काढलीस. त्यात आमच्या गावची नावं दोनच: लेव्ही काकांची बायको आणि शाळेचे मास्तर. माझं नाव नाही.

नाहीच आहे. मी खोटं बोलले. पन्नाशीची बाई मी, आणि तुझं पत्र वाचताना साखर चोरताना पकडलेल्या पोरीसारखे माझे कान लाल झाले.

शपथ दुसऱ्यांच्या मतांपुरती आहे, स्वतःचं मत सांगायला ती आड येत नाही. तर ऐक. मी त्या एकोणिसांपैकी एक आहे. पेन्सिल हातात घेऊन पडद्यामागे उभी होते, तुझं नाव सगळ्यात वर होतं, आणि माझ्या कानात तुझाच आवाज घुमत होता: तिथे आता काही उरलेलं नाही. मी उरलेय ना रे! नवरा समुद्रानं नेला तेव्हा मी या घरात परत आले. आईचं सगळं केलं, आता बाबांचं करतेय. तू सेंट जॉन्सच्या रेडिओवर बसून आख्ख्या किनाऱ्याला सांगतोस की इथे कुणी नाही. माझा हात आपोआप दुसऱ्या नावाकडे गेला. घरी येऊन रडले, पण गेला.

म्हणजे माझ्यावर राग धर, मी त्याला पात्र आहे. पण पत्राच्या शेवटी तू जे लिहिलंस ते मला दोनदा वाचावं लागलं. ‘त्या घरात माझी किंमत शून्य आहे हे आता छापून आलंय. नाताळला येणार नाही, आणि त्याला पुरायलाही येणार नाही.’

अरे, असं कुणी लिहितं का? कागदावर? बाबा टेबलापलीकडे जाळं विणत बसले होते. त्यांनी विचारलं, “कुणाचं पत्र?” मी म्हणाले, “सरकारचं.” ते म्हणाले, “मग एवढं तोंड कशाला पाडलंस? सरकारकडून कधी चांगली बातमी आलीय?” आणि पुन्हा जाळ्यात डोकं घातलं. मला त्या क्षणी तुझ्या दोन थोबाडीत द्याव्याशा वाटल्या, आणि त्यांच्यासमोर ते पत्र ठेवावंसंही वाटलं. दोन्ही केलं नाही. चुलीत घातलं.

मी एवढंच म्हणेन की ते पान पुन्हा एकदा नीट बघ. सव्वीस जणांनी मतं दिली. तुझी बेरीज चांगली असायची.

जाऊ दे. काय लिहून बसले. हे नसतं लिहिलं तर बरं झालं असतं.

व्हर्ना

•

स्पिलर्स आर्म
रविवार, १९ नोव्हेंबर १९९५

गार्लंड,

डल्सीनं तुला सगळं नीट सांगितलं की नाही मला माहीत नाही. म्हणून लिहिते. घाईत लिहितेय, अक्षर लावून घे.

गुरुवारी सकाळी बाबा चहात टिनातलं दूध घालत होते. दूध कपाबाहेर सांडायला लागलं. मी ओरडले, “बाबा, बघा तरी!” त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि तोंडाची एक बाजू खाली ओघळली. मग ते खुर्चीसकट पडले. आवाज केवढा झाला! मला काही सुचेना. मी आधी दूध पुसायला लागले. खरंच सांगते, माणूस जमिनीवर पडलाय आणि मी दूध पुसतेय.

नर्सबाई बोटीनं आल्या. उजवी बाजू गेली आहे. वाचा गेली आहे. दोन दिवस धुकं होतं म्हणून हेलिकॉप्टर येऊ शकलं नाही, आणि काल आलं तेव्हा बाबांनी डाव्या हातानं पलंगाचा खांब असा धरला की दोन गडी माणसांना बोटं सोडवता येईनात. नर्सबाई म्हणाल्या, “राहू दे. त्यांना कळतंय त्यांना काय हवंय.” दुसरा झटका आला तर काही खरं नाही, हेही त्यांनीच मला अंगणात नेऊन सांगितलं.

माझा आवाज ऐकून तू फोन ठेवशील म्हणून डल्सीला करायला लावला. ऑर्गनांच्या घरातली डल्सी, मतदानाच्या दिवशी माझ्याशेजारी कारकून म्हणून बसली होती तीच. एकवीस वर्षांची पोर. ती रडत परत आली. तू तिला म्हणालास, “मला कशाला बोलावता? पेटीनं सांगितलंय की माझं तिथे कुणी नाही.”

तुझा बाप बोलू शकत नाही आणि तू अजून मतं मोजतोयस? माझा विश्वास बसत नाही, की हा आपल्या घरातला मुलगा. दिवसभर ते दाराकडे बघत पडलेले असतात. दार वाजलं की डोळे तिकडे जातात, आत कोण आलं ते बघतात, आणि मग मिटतात. कुणाची वाट बघतायत हे मी काही त्यांना विचारलेलं नाही. विचारण्याची गरजही नाही.

ये.

व्हर्ना

•

स्पिलर्स आर्म
गुरुवार, २३ नोव्हेंबर १९९५

गार्लंड,

काल तू डल्सीला फोनवर पुन्हा नाही म्हणालास. तेव्हा आता हे पत्र. हे लिहून झालं की मी पुन्हा कधी त्या पेटीसमोर बसायची नाही. कुणी काढणार नाही मला, माझी मीच बसणार नाही.

तू लाल शाई शून्याभोवती फिरवलीस. त्याच ओळीत अगदी टोकाला एक रकाना आहे: रद्द मतं. त्यात एक आहे. एकोणीस आणि सहा पंचवीस, आणि हा सव्विसावा. त्याचीच गोष्ट सांगते.

१९ जूनला बाबा दुपारी मत द्यायला आले. दाढी केलेली, चर्चचा कोट घातलेला. मी नियमाप्रमाणे विचारलं, “नाव?” बत्तीस वर्षं हाच प्रश्न गावाला विचारलेला माणूस माझ्यासमोर ताठ उभा राहून म्हणतो, “अझराया डर्नफोर्ड. मासेमार.” डल्सीला हसू आवरेना. मी मतपत्रिका घडी करून त्यांच्या हातात दिली आणि ते पडद्यामागे गेले. बराच वेळ झाला. मला वाटलं चष्मा विसरले असतील. मी विचारलं, “बाबा, पेन्सिल चालतेय ना?” आतून आवाज आला, “पेटीसमोर तू बसलीयेस ना? मग गप बस.”

आठ वाजता आम्ही दार लावलं. बाहेर अजून उजेड होता. मोजायला तिघंच: मी, डल्सी, आणि हॅलेटच्या बाजूनं लेव्ही काका. तुझ्या बाजूनं बसायला तुझ्या पक्षाला या गावात माणूस मिळाला नाही. मी एकेक कागद उघडायचा, लेव्ही काकांना दाखवायचा, नाव मोठ्यानं म्हणायचं, डल्सीनं रेघ ओढायची. हॅलेट. हॅलेट. प्युडिस्टर. हॅलेट. दहा झाले, पंधरा झाले, तुझं नाव येईना. स्वतः तुला मत न देणारी मी, आणि मनातल्या मनात देवाला म्हणत होते, एक तरी निघू दे.

तेविसावा कागद उघडला. तुझ्या नावासमोर फुली. जाड, सरळ, अगदी छापील गोलाच्या मधोमध. माझ्या तोंडून ‘डर्नफोर्ड’ निघणारच होतं, तेवढ्यात शेजारी बारीक अक्षरात लिहिलेलं दिसलं.

‘चुकलाय. पण माझाच आहे.’

ते डावीकडे कललेलं अक्षर मी रोज बघते, होडीच्या वहीत, कॅलेंडरवर, पिठाच्या डब्यावर. डल्सी पेन्सिल धरून वाट बघत होती. लेव्ही काकांनी कागद वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घालून वाचला.

नियम स्पष्ट आहे. मतपत्रिकेवर असं काही लिहिलं की ज्यावरून मत कुणाचं ते ओळखू येईल, तर ते मत रद्द. आणि हे तर आंधळ्यानंही ओळखलं असतं. या जगात तुला ‘माझाच’ म्हणणारा बाप एकच आहे.

बाबांना नियम माहीत नव्हता असं म्हणशील? तू शाळेत होतास तेव्हाची गोष्ट. लेव्ही काकांनी गंमत म्हणून मतपत्रिकेवर फुलीशेजारी मासा काढला होता. तसा मिशीवाला मासा साऱ्या किनाऱ्यावर ते एकटेच काढतात, त्यांच्या होडीवरही तोच आहे. बाबांनी आपल्या जिवलग मित्राचं मत रद्द केलं. बाबांनी याबद्दल कधी हूं की चूं केलं नाही. लेव्ही काकाच स्वतः ती गोष्ट पस्तीस वेळा सांगून झालेत. तेव्हा बाबांना सगळं ठाऊक होतं. हे मत रद्द होणार हे ठाऊक होतं, आणि ते उघडणारा हात माझा असणार हेही.

लेव्ही काका हळूच म्हणाले, “व्हर्ना, मोजून टाक.”

मी म्हणाले, “नियम...”

“नियम गेला खड्ड्यात! माझा मासा तुझ्या बापानं रद्द केला, मी वर्षभर त्याच्याशी बोललो नाही. पण हा मासा नाहीये, पोरी. मी हॅलेटचा माणूस तुला सांगतोय ना? आमचा काही हजारांनी निवडून येतोय. या एका मतानं आमचं काय वाकडं होणार आहे? मोज.”

डल्सी म्हणाली, “मोज ना गं, व्हर्ना मावशी. गार्लंडला निदान एक तरी दिसेल.”

मी म्हणाले, “रद्द.”

मी तो कागद रद्द मतांच्या पाकिटात घातला, पाकीट चिकटवलं, आणि तिघांनी त्यावर सह्या केल्या. लेव्ही काकांनी सही केली आणि माझ्याकडे न बघता घरी गेले. ते पाकीट आता सरकारच्या कुठल्यातरी गोदामात आहे. वर्ष झालं की बाकीच्या कागदांबरोबर तेही नष्ट करतील.

आत्तापर्यंत मी स्वतःला सांगत आले की नियम होता म्हणून केलं. गार्लंड, ते खरं नाही. म्हणजे नियम होता, पण माझं कारण ते नव्हतं.

पन्नास वर्षांत त्या माणसानं मला कधी ‘माझी’ म्हटलेलं मला आठवत नाही. तू चौदाव्या वर्षी शिकायला बाहेर पडलास तो पडलास. वर्षाला एक भेट, दोन पत्रं. रेडिओवर आमची अब्रू काढलीस. एवढं करूनही तू, चुकलेला असलास तरी, त्यांचाच. आणि मी? मी त्यांचा पाव भाजते, त्यांच्या पायांची नखं कापते. ज्या दिवशी त्यांना मनातलं लिहावंसं वाटलं, त्या दिवशीही त्यांनी मला लिहून काय सांगितलं, तर तुझ्याबद्दल. मला इतका संताप आला की कागद माझ्या मुठीत चुरगळला. लेव्ही काका ‘मोज’ म्हणाले तेव्हा मला मोजायचं नव्हतं, एवढंच खरं. तुला शून्य मिळावं असं मला वाटलं. नियम माझ्या बाजूचा निघाला म्हणून मी सुटले. तो उलटा असता तरी मी हेच केलं असतं की काय, याची मला भीती वाटते.

म्हणजे तू ज्या शून्यासाठी बापाला पुरायला येणार नाहीस, ते शून्य बाबांनी दिलेलं नाही. ते मी दिलेलं आहे.

त्यांनी असं का केलं, मला अजून कळलेलं नाही. तुझ्या पक्षाला मत जाऊ नये आणि तरी तुझ्या नावासमोर फुली मारता यावी म्हणून? की कुठेतरी एकदा लिहून मोकळं व्हावं, आणि ते पाकिटात बंद व्हावं म्हणून? त्यांना विचारावं तर ते बोलू शकत नाहीत.

मला काय म्हणायचं ते म्हण. तोंड बघू नकोस माझं. पण त्यांचं बघ. बोट मंगळवारी आणि शुक्रवारी असते.

व्हर्ना

•

स्पिलर्स आर्म
सोमवार, ४ डिसेंबर १९९५

गार्लंड,

उद्याच्या बोटीनं येतोस असा डल्सीनं निरोप दिला. मी तिला दोनदा बोलायला लावलं, मग तिसऱ्यांदा. माझ्याबद्दल तू काही म्हणालास का, हे विचारायचं मला धाडस झालं नाही.

बोट सकाळी इथून निघेल तेव्हा ही चिठ्ठी मी कप्तानाकडे देणार आहे. दुपारी पोर्ट एलनला तू चढलास की तो तुझ्या हातात देईल. धक्क्यावर पाय ठेवण्याआधी वाच. काल जे झालं ते तुला आधी कळायलाच हवं.

काल दुपारी मी बाबांना सूप भरवत होते. मला राहवेना. तुला सांगून टाकलं होतं, मग त्यांच्यापासूनच लपवून मी रोज त्यांच्या तोंडात चमचा कसा घालू? मी म्हणाले, “बाबा, जूनमध्ये तुमचं मत मी रद्द केलं. लेव्ही काका मोज म्हणत होते. मी मोजलं नाही.”

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं आता डोळे फिरवतील, भिंतीकडे तोंड करतील. ओठ हलायला लागले. डावा कोपरा, मग सगळेच. अठरा दिवसांत घशातून घरघरीशिवाय काही निघालेलं नव्हतं. मी वाकले.

“ब... रोबर,” ते म्हणाले.

माझ्या हातातला चमचा पडला. मी म्हणाले, “काय?” त्यांना पुन्हा म्हणता येईना, पण डावा हात त्यांनी उचलला आणि माझ्या मनगटावर दोनदा थोपटलं. माल नीट मोजून चढवला की धक्क्यावर गड्यांना थोपटायचे ना, तसं. गार्लंड, मी पलंगाच्या कडेवर डोकं ठेवून इतकी रडले की सूप गार होऊन वर चरबीची साय आली. मी कसल्या रागानं रद्द म्हणाले हे त्यांना ठाऊक नाही. मी सांगितलंही नाही. मला ती शाबासकी हवी होती, मी ठेवून घेतली.

मग मी दुसरं विचारलं. मला वाटलं, हो म्हणतील. “बाबा, तुम्ही काय लिहिलं होतंत ते गार्लंडला सांगू का?”

त्यांचे डोळे एवढे मोठे झाले की मला वाटलं दुसरा झटका आला. मान त्यांना जेमतेम हलवता येते. ती त्यांनी उशीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेली. नाही. पुन्हा नेली. नाही. डावा हात माझ्या बाहीला घट्ट. त्यांचं लिहिलेलं माझ्यापर्यंतच होतं आणि माझ्यापाशीच संपायचं होतं. मी पेटीची बाई होते म्हणून त्यांनी ते माझ्या हवाली केलं, मुलगी म्हणून नव्हे. किंवा दोन्ही म्हणून. मला आता त्यातलं काही वेगळं करता येत नाही.

आणि माझं पत्र तर तोवर तुझ्या हातात पडलेलं.

मी त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाले, “नाही सांगत, बाबा. शपथ आहे.” तेव्हा कुठे त्यांनी बाही सोडली, आणि झोपले.

म्हणून आता नीट ऐक. तुला काही माहीत नाही. निकालाचं पुस्तक निघतं हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. तू ते पान बघितलं असणार, शून्य बघितलं असणार, हे धरूनच ते त्या दाराकडे बघत पडले आहेत. त्यांच्या लेखी उद्या जो आत येईल तो, ज्याला बापानं एक मत दिलं नाही, असा मुलगा आहे. तोच आत यायला हवा. गळ्यात पडून ‘बाबा, मला कळलं’ म्हणायचं नाही. पाया पडायचं नाही, माफी मागायची नाही. निवडणुकीचं नावसुद्धा काढायचं नाही. खुर्ची ओढ, बस, बोटीत थंडी किती होती ते सांग. हात धरायचा असेल तर डावा धर, उजव्याला कळत नाही.

आणि चेहरा सांभाळ. जीभ गेली असली तरी डोळे गेलेले नाहीत. बत्तीस वर्षं पडद्यामागून बाहेर येणाऱ्या माणसांचे चेहरे त्यांनी बघितले आहेत. तुझा तर त्यांना जन्मापासून पाठ आहे. तुला कळलंय असा नुसता संशय जरी आला, तरी मी शपथ मोडली हे त्यांना कळेल, आणि तू मतासाठी आलास असं त्यांना वाटेल. शून्य मिळूनही आलास, एवढंच त्यांना कळू दे.

माझ्याशी भांडायचं ते नंतर भांडू. शेडमध्ये जाऊन भांडू, हवं तितकं.

ते मागचं पत्र आणि ही चिठ्ठी, दोन्ही बोटीवरूनच पाण्यात टाक, आणि मग उतर.

व्हर्ना